आमचे साडू आणि दहा इंची पंखा

आमचे साडू यमाला भीत नाहीत, आरटीओला भीत नाहीत, उघड्या वायरीला भीत नाहीत आणि आमच्या थोरल्या मेहुणीला, म्हणजे स्वतःच्या बायकोलाही, गरजेपुरतंच भितात. पण दहा इंच लांबीच्या प्लॅस्टिकच्या एका पंख्याला ते जेवढे भितात तेवढं शिरूरपासून दौंडापर्यंतच्या मुलखात आजवर कुणी कशाला भ्यालं नसेल. त्यांच्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक गेली चार वर्षं येत्या शनिवारी दुरुस्त होणार आहे. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर अडकला की ओल्या हातानं त्याला दोन चापट्या मारतात आणि तो सुरू झाला की 'गुणाचं हाय' म्हणून पुन्हा एकदा थोपटतात. बांधावर साप निघाला तर 'असू दे, त्याचं बी रान हाय' म्हणत वळसा घालतात, तोही हातभराचा. असा हा माणूस त्या पंख्याजवळ गेला की वरातीतल्या नवरदेवासारखा जपून पावलं टाकायला लागतो. हा पंखा छताचा नव्हे. साडू रिमोटवर उडणारी विमानं बनवतात, त्या विमानाच्या नाकावरचा हा पंखा. विमान थर्माकोलचं, पंख पसरले तर बाजेवर मावत नाही, पण उचललं तर वजन कोंबडीएवढं. ते चुकून माणसावर पडलं तर माणसाला काही होत नाही, विमानालाच होतं. नाकावरचा पंखा मात्र फिरायला लागला की दिसेनासा होतो, आणि साडूंच्या भीतीचं मूळ तिथं आहे. "पाव्हणं, दिसतंय त्याला काय भ्यायचं?" ते मला सांगतात. "हा फिराया लागला की दिसत न्हाई, म्हणून ह्याला भ्यायचं."

साडूंनी रांजणगावच्या एका कंपनीत प्रेस शॉपला चोवीस वर्षं काढली. पत्रा दाबून त्याचे भाग काढणारी ती मोठी मशीनं. वरचा ठोकळा खाली आला की मध्ये पत्रा आहे का बोट, हे तो विचारत बसत नाही. म्हणून त्या मशीनला दोन बाजूंना दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे ठोक्याच्या वेळी एकही हात आत नसतो. "ज्यानं ही दोन बटणं शोधून काढली ना," साडू म्हणतात, "त्याचा फोटो घावला तर मी देवघरात लावीन." बटणं होतीच, पण साडूंचा बटणांवरही विश्वास नव्हता. त्यांच्या मशीनवर त्यांनी आपली रीत घातली होती. ठोक्याआधी ते 'हात!' अशी आरोळी ठोकायचे, समोरच्या हेल्परनं दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन दाखवायचे, मग ठोका. हेल्पर बिहारचा असो की बीडचा, पहिल्या दिवशी त्याला मराठीतला हा एक शब्द शिकवला जायचा. साडू कंपनीतून बाहेर पडले तेव्हा कंपनीनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ पडून आहे. साडू सांगत सुटले ते दुसरंच: "चोवीस वर्षं प्रेसवर काढली आन् दहाच्या दहा बोटं घरी आणली."

विमानाचा नादही कंपनीतलाच. एका स्नेहसंमेलनात कुणा साहेबानं असलं विमान उडवून दाखवलं. सगळ्यांनी माना वर करून विमान पाहिलं, साडूंनी विमान खाली उभं असतानाचा पंखा पाहिला आणि ते म्हणाले, "अवं, ह्याला दोन बटणंच न्हाईत!" एका हातानं रिमोटची दांडी सरकवली की पंखा सुरू, दुसरा हात कुठंही असो! एखादा शहाणा माणूस हे पाहून लांब राहिला असता. साडूंनी वर्षाच्या आत स्वतःचं विमान केलं. ज्या गोष्टीची इतकी भीती वाटते ती करावी कशाला, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. "मंग तिची काळजी कोण घेणार?" असं त्यांनी मलाच उलट विचारलं.

घरी बसल्यावर त्यांनी प्रेस शॉपची रीत घरात आणली. शिरूरहून न्हावऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्यांची वस्ती आहे. घरात माणसं तीन: साडू, मेहुणी आणि आमच्या सासूबाई. सासूबाईंना दोन मुलीच, म्हणून त्या थोरलीकडे राहतात. मी आणि माझी बायको दौंडाहून सणावाराला आणि बहुतेक रविवारी तिथं. आम्हा चौघांना साडूंनी असं तयार केलं होतं की मिक्सर असो, कडबाकुट्टी असो की विमान, साडूंची 'हात!' अशी आरोळी आली की जो जिथं असेल तिथं त्यानं दोन्ही हात डोक्याच्या वर न्यायचे. का, कशाला, विचारायचं नाही. सासूबाई माळ ओढत बसलेल्या असल्या तर माळेसकट हात वर जायचे. मेहुणीच्या हातात पिठाचा गोळा असला तर तोही वर. मला या प्रकाराचा मनस्वी राग यायचा. अहो, दौंडात तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे, चार लोक मला वकिलापेक्षा जास्त मानतात, आणि इथं मी मेहुणीच्या ओट्यासमोर दरोड्यात सापडल्यासारखा उभा! पण हात जायचेच वर. सवय फार वाईट.

एकदा तर शिरूरला मंगल कार्यालयात कहर झाला. नात्यातलं लग्न. उकाडा होता म्हणून स्टेजशेजारी एक भला मोठा कूलर लावलेला, आणि त्याची जाळी कुणी काढून ठेवलेली. मंगलाष्टकं चालू होती. एक पाहुणा कूलरला टेकून उभा राहिला, त्याचा हात मागं जातोय असं साडूंना पंधरा फुटांवरून दिसलं, आणि त्यांनी सगळं कार्यालय दणाणेल अशी आरोळी ठोकली: "हात!" आम्ही चौघांनी त्या क्षणी हात वर केले. आमच्या मुठीत अक्षता होत्या, त्या हात वर जाताना सुटल्या. आमच्या सुटल्या म्हणून शेजारच्यांनी टाकल्या, त्यांनी टाकल्या म्हणून मागच्या रांगेनं टाकल्या, आणि ते बघून बँडवाल्यानं दणका दिला. दोन मंगलाष्टकं शिल्लक असताना लग्न लागलं. भटजी साडूंकडे बघत राहिले. साडू त्या पाहुण्याची बोटं मोजत होते.

रानातल्या उड्डाणाचा सोहळा वेगळाच. ज्वारी निघाली, कांदा निघाला की जे रान मोकळं पडतं ते साडूंचं विमानतळ. तिथं पोचलं की आधी खिसे रिकामे करायचे. पेन, चष्मा, तंबाखूची पुडी, वाकल्यावर जे जे पंख्यात पडू शकतं ते सगळं टोपीत काढून ठेवायचं. बाही कोपराच्या वर. गळ्यात काही लोंबकळता कामा नये. एकदा थंडीत मी मफलर गुंडाळून गेलो तर "पाव्हणं, तेवढं सोडा. त्यानं वढून घेतलं तर मफलर जाईल आन् मागनं तुम्ही जाल," असं म्हणून भर थंडीत माझा गळा उघडा केला आणि मला पुढं आठवडाभर खोकला झाला. मग विमानाची शेपटी वासराच्या दाव्यानं बाभळीला बांधायची. मग पंखा बसवायचा. मग रिमोट आधी चालू करायचा, दांडी सगळ्यात खाली आहे हे दोनदा बघायचं, आणि त्यानंतर बॅटरी जोडायची. "रिमोट आधी, मग बॅटरी. उतरल्यावर उलटं: बॅटरी आधी काढायची, मग रिमोट बंद," हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की माझी बायको म्हणते मी झोपेत तेच पुटपुटतो. बॅटरी जोडली की विमान 'टी-टी-टी' असं तीनदा बोलतं. त्या आवाजानंतर ते विमान राहत नाही, जनावर होतं, असं साडूंचं म्हणणं, आणि मग त्याच्या पुढूनही जायचं नाही आणि शेजारूनही नाही.

शेजारून का नाही, हे मला कळायला बराच वेळ लागला. पंखा ज्या रेषेत फिरतो त्या रेषेत उभं राहायचं नाही. पातं तुटलं तर ते पुढं जात नाही, त्या रेषेत बाजूला सुटतं. साडू त्यासाठी रानात पांढऱ्या फक्कीनं रेघ मारायचे आणि मी हटकून त्या रेघेवर उभा असायचो. सासूबाईंना मात्र हे एका सेकंदात उमगलं. त्यांचं लहानपण मेंढरांमागं चालण्यात गेलेलं, आणि ज्वारीवरची पाखरं हाकायला गोफण चालवण्यात. "आरं, गोफणीचा दगड सुटतो तसलंच की," त्या म्हणाल्या. "गोफण फिराया लागली की तिच्या अंगाला उभं राहायचं न्हाई, एवढं आमच्या मेंढरांस्नी बी कळत व्हतं." आणि माझ्याकडे असं काही बघितलं की मेंढरांत आणि माझ्यात हुशार कोण याबद्दल कुणाला शंका राहिली नाही. साडूंना त्या दिवशी आपली खरी शिष्या सापडली. तेव्हापासून ते त्यांना नुसतं 'मामी' म्हणायचे नाहीत, 'मामीला इचारा' म्हणायचे.

घरी विमानाला पंखा कधीच नसायचा. रानात बसवायचा, रानातच काढायचा. घरात बिनपंख्याचं विमान, हा नियम देवाच्या नियमापेक्षा मोठा. पंखे असायचे कपाटातल्या कुलपाच्या खणात आणि किल्ली साडूंच्या करदोट्याला. मेहुणीचं मंगळसूत्र आंघोळीच्या वेळी खिळ्याला लटकायचं, पंखे कुलपात! नवा पंखा आणला की आधी सुई दोन पेल्यांवर आडवी ठेवून तिच्यावर तो तोलून बघायचा. एक पातं जड निघालं तर हलक्या पात्याला मेहुणीच्या पाकिटातली टिकली लावायची. तोल नसलेला पंखा थरथरतो आणि थरथरणारा पंखा एक दिवस सुटतो. टिकली लावलेले ते पंखे खणात ओळीनं ठेवलेले बघून मेहुणी म्हणायची, "माझ्या सवती हायेत ह्या." उड्डाण झालं की पात्याच्या कडेवरून नख फिरवायचं, नखाला खरखर लागली की पंखा बाद. तो नुसता टाकायचा नाही, मधोमध मोडायचा, म्हणजे कुणी उचलून पुन्हा लावायला नको, आणि बांधाच्या कडेला पुरायचा. मी एकदा म्हटलं, "साडूभाऊ, तेराव्याचं जेवण कधी?" साडू हसले नाहीत.

आणि सगळ्याच्या शेवटी मोजणी. विमान उतरलं, बॅटरी काढली, पंखा काढला की साडू म्हणायचे, "हात." ही आरोळी नसायची, हळू आवाजातलं असायचं. मी दोन्ही हात पुढं करायचे. ते एकेका बोटाला बोट लावून मोजायचे, "दहा." मग आपले दोन्ही हात माझ्यासमोर धरायचे, मी मोजायचं, "दहा." "वीस," साडू म्हणायचे. "बरोबर हाय. चला, चहा." मला मोजताना ते जरा जास्तच वेळ लावायचे. मी एकदा वैतागून विचारलं तर म्हणाले, "माझं एक गेलं तर मी नऊ बोटांनी खुरपीन. तुमचं एक गेलं तर दुकान बसंल. दोन लेकरं शिकत्यात तुमच्या ह्या दहावर." खरं होतं. दहा बोटांनी न बघता टाईप करणारे दौंडात आता बोटावर मोजण्याइतकेच उरलोत. पण त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त आठवत असे, याचं मला तेव्हा कौतुक नव्हतं, करमणूक होती.

मग आली गेल्याच्या गेल्या वर्षीची खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. ज्याच्या जीवावर घर चालतं ते सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. साडूंच्या घरात विळा, कोयता, खुरपी, नट आवळायचे पाने, आणि मधोमध मोठ्या पाटावर विमान, त्याच्यापुढं रिमोट. विमानाला अर्थातच पंखा नव्हता. पंखे साडूंनी पूजेपुरते कुलपातून काढून एका ताटात वेगळे ठेवले होते, आणि ते अंगणात कोयता धुवायला गेले होते.

आता पुढं जे झालं त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. सासूबाई विमानाकडे बघून म्हणाल्या, "ह्याला नाक न्हाई. भंगलेल्याची पूजा करत न्हाईत, बाई." मेहुणीलाही ते पटलं. तिनं ताटातला एक पंखा घेतला, शंभरदा बघितलेलं होतंच, पान्यानं नट आवळून तो नीट बसवला, आणि झेंडूचा जाड हार विमानाच्या नाकावर असा घातला की पंखा त्यात झाकून गेला. मग ती नारळ आणायला आत गेली. तेवढ्यात मी आणि बायको दौंडाहून पोचलो. बायकोनं फोटोसाठी मोबाईल काढला आणि म्हणाली, "अहो, याच्या पंखांवर लाल-हिरवे दिवे लागतात ना? लावा की, फोटोत छान येतील." दिवे बॅटरी जोडली की लागतात. आणि मी, ज्याला पाच वर्षं सांगून सांगून साडूंचा घसा बसला होता, तो मी त्या दिवशी एकही पायरी चुकलो नाही. रिमोट आधी. दांडी खाली आहे, दोनदा बघितलं. मग बॅटरी. पंखा आहे का हे मात्र बघितलं नाही, कारण साडूंच्या घरात विमानाला पंखा असेल हे माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नसतं. त्यांच्या काळजीवर माझा इतका भरवसा होता की मी स्वतः काळजी करायचं सोडून दिलं होतं.

विमान तीनदा बोललं, टी-टी-टी. दिवे लागले. मेहुणी नारळ घेऊन आली. हार एका बाजूला घसरला होता, म्हणून मी दोन्ही हातांनी तो विमानाच्या नाकावर सारखा करायला लागलो. समोर सासूबाई मांडी घालून बसलेल्या. त्यांनी विळ्याला कुंकू लावलं, कोयत्याची जागा मोकळी होती ती सोडली, आणि रिमोटला लावायला बोट पुढं केलं. रिमोटवर कुंकू लावायचं कुठं? जे उभं दिसतं त्याला. त्यांनी दांडीला कुंकू लावलं, चांगलं दाबून, खालून वर.

अंगणात तो टी-टी-टी आवाज साडूंनी ऐकला होता. ते दारात पोचले आणि त्याच क्षणी त्यांची आरोळी आली: "हात!"

माझे हात वर गेले. मी नेले नाहीत, गेले. पाच वर्षं ज्या सवयीला मी शिव्या घातल्या, ती माझ्या आधी उठली. सासूबाईंचे हात कुंकवाच्या बोटासकट वर, मेहुणीचे नारळासकट वर, बायकोचे मोबाईलसकट वर. खाली हाराच्या चिंधड्या उडाल्या, पाकळ्या पार माळ्यापर्यंत गेल्या, आणि ते विमान पाटावरून सुटून सरळ सासूबाईंच्या मांडीकडे निघालं. त्यांना उठता येणं शक्य नव्हतं. विमान मागून धरायचं असतं, हेही साडूंनीच शिकवलेलं; पण मागून धरायला वळसा घालावा लागला असता. साडूंनी ते समोरून धरलं. सगळ्या घरात तेवढे दोनच हात खाली होते.

डाव्या हातानं त्यांनी बॅटरी उपटली. पंखा थांबला. उजवा हात त्यांनी धोतराच्या सोग्यात गुंडाळला, आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "कुणी हात खाली करायचे न्हाईत." मग एकेकासमोर जाऊन मोजलं. सासूबाई दहा. मेहुणी दहा. माझी बायको दहा. माझ्यापाशी आले, डाव्या हाताच्या बोटानं माझ्या बोटांना शिवत शिवत मोजलं, नेहमीसारखंच हळू. दहा. "चाळीस," साडू म्हणाले. "बरोबर हाय." आणि मग खाली बसले.

उजव्या तर्जनीचं पहिलं पेर गेलं. शिरूरला डॉक्टरांनी टाके घातले. मी बाहेर बाकावर बसून रडलो, खोटं कशाला बोलू. आत गेलो तर मला बघून साडू म्हणाले, "पाव्हणं, रिमोट आधी लावला का बॅटरी?" मी म्हटलं, "रिमोट." "दांडी बघितली व्हती?" "दोनदा." "मंग झालं," साडू म्हणाले. "शिकवलेलं वाया न्हाई गेलं." मी म्हटलं, साडूभाऊ, चूक माझी आहे. त्यांनी मान हलवली. "चूक माझी. पंखे म्या ताटात उघडं ठेवलं. उघडा पंखा म्हंजी बसवलेलाच पंखा. हा नियम माझ्याकडनं ऱ्हायला व्हता." त्याही परिस्थितीत त्यांना एक नियम कमी पडल्याचं दुःख बोटापेक्षा जास्त होतं.

बोट बरं झालं, पण विमान बंद झालं. ते माळ्यावर गेलं, पंखे कुलपात राहिले. चोवीस वर्षं प्रेसवरून दहाच्या दहा घरी आणणारा माणूस घरातल्या पाटावर एक घालवून बसला, हे त्यांना आत कुठंतरी लागलं होतं. कडबाकुट्टी लावताना 'हात!' म्हणायचे तेही पुटपुटल्यासारखं. आम्ही मात्र हात पूर्वीपेक्षा उंच न्यायचो, जणू त्यानं ते पुन्हा ओरडायला लागतील. मी रविवारी मुद्दाम रेघेवर उभं राहण्याच्या, मफलरच्या गोष्टी काढायचो. साडू "व्हय, व्हय," म्हणायचे आणि जनावरांना पाणी दाखवायला उठायचे. ज्वारी निघाली, कांदा निघाला, रान मोकळं झालं आणि मोकळंच पडून राहिलं. दुकानात टाईप करताना मध्येच माझं लक्ष माझ्या उजव्या तर्जनीकडे जायचं आणि अर्ज चुकायचा.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला पाटावर विळा, कोयता, खुरपी, पाने मांडले. सासूबाई कुंकवाचं ताट घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "इमान कुठं हाय?"

"माळ्यावर," साडू म्हणाले. "ऱ्हाऊ द्या, मामी."

"काढा." हे मला होतं. मी शिडी लावून विमान काढलं, धूळ पुसली, पाटावर ठेवलं. बिनपंख्याचं, बिनबॅटरीचं. बॅटरी कुठं आहे हे मी तीनदा बघितलं. सासूबाईंनी त्या नाक नसलेल्या विमानाला, जिथं पंखा बसतो त्या नुसत्या दांडीला, हळदकुंकू लावलं. भंगलेल्याची पूजा करत नाहीत हे त्यांनीच सांगितलं होतं, पण आठवण करून द्यायची कुणाची छाती नव्हती. मग त्यांनी ताट उचललं, साडूंकडे वळल्या आणि म्हणाल्या, "हात."

ही आज्ञा त्या घरात दुसऱ्या कुणी देण्याची ती पहिलीच वेळ. साडूंनी हात पुढं केले. सासूबाईंनी उजवा हात धरला, ते आखूड झालेलं बोट वेगळं काढलं, आणि त्याच्या टोकाला हळद लावली, कुंकू लावलं, वर झेंडूची एक पाकळी चिकटवली. साडू म्हणाले, "मामी, भंगलेल्याची पूजा करत न्हाईत."

"भंगलंय कुठं?" सासूबाई म्हणाल्या. "झिजलंय. हत्यार वापरलं की झिजतंय. तो इळा बघा, निम्मा उरलाय. म्हणून कुणी पुजायचा सोडलाय व्हय त्याला?"

साडू उठले. कोयता धुवायचं निमित्त काढून अंगणात गेले आणि डाव्या हातानं बराच वेळ धूत बसले. कोयता आधीच धुतलेला होता, आणि त्याच्यावरचं कुंकू त्या नादात निघून गेलं. संध्याकाळी मी निघताना ते म्हणाले, "उद्या दसरा. दुकान बंदच आसंल. सकाळी येता का रानात?"

गेलो. मका निघालेलं रान होतं. खिसे टोपीत रिकामे केले, बाही कोपराच्या वर घेतली, शेपूट बाभळीला बांधली. पंखा साडूंनी बसवला, वेळ लागला, नट धरताना ते बोट कमी पडत होतं. मी मदतीला हात पुढं केला तर "पाव्हणं, मागं सरा," म्हणाले. जुन्या आवाजात म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी मागं सरून नेमका रेघेवर उभा राहिलो आणि त्याबद्दलही शिव्या खाल्ल्या. विमान उडालं. रानावर एक मोठा वळसा घेतला, दुसरा घेतला, सासूबाई बांधावर बसून डोळ्यांवर हात धरून बघत होत्या, आणि ते गपगुमान उतरलं. बॅटरी काढली, मग रिमोट बंद. पंखा काढला. साडूंनी त्याच्या कडेवरून नख फिरवलं, दुसऱ्या बोटाचं.

"हात," ते म्हणाले.

मी दोन्ही हात पुढं केले. त्यांनी एकेक बोट मोजलं. "दहा." मग आपले हात माझ्यासमोर धरले. आखूड बोटावर कालचं कुंकू अजून होतं. मला मोजता येईना. मग त्यांनी स्वतःच मोजलं. "साडेनऊ," साडू म्हणाले. "साडेएकोणीस. बरोबर हाय. चला, चहा."

हे सगळं मी दुकानात बसून टाईप केलंय, दहा बोटांनी, न बघता. साडू चहाला निघून गेले तरी मी त्या दिवशी थोडा वेळ हात तसेच धरून उभा होतो. बांधावरून सासूबाईंनी विचारलं, "आता कशाला?" मी म्हटलं, "काही नाही, सवय."